सव्वातीनशे किलोमीटरवरचा रेडिओ

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी दुकानासमोर मधल्या स्टँडवर घेतली आणि सीटवर खिशातला ट्रान्झिस्टर ठेवला. मीडियम वेव्हवर आपलं सोलापूर केंद्र ६०२ किलोहर्ट्झवर लागतं. तिथून काटा हळूच सरकवून मोकळ्या जागी आणला, जिथं नुसता सूं आवाज येतो. मग भाच्याला म्हटलं, "मार बटण."

गाडी सुरू झाली आणि रेडिओ टर्रर्र करायला लागला. ॲक्सिलरेटर पिळला की टर्रर्र चढायची, सोडला की उतरायची. भाच्यानं रेडिओ उचलून चार पावलं मागं नेला, मग रस्त्याच्या पलीकडं नेला. तिथंही ऐकू येत होतं.

"मामा, एवढी खरखर घेऊन आपण तिथं जायचं?"

प्रश्न बरोबर होता. पोरगा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मी तीस वर्षं साखर पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक सेट घेऊन येतं ते एकच वाक्य बोलत येतं, "खरखर येतीय बघा." मग ती कुठून येते ते शोधायचं. कधी शेजारच्या ट्यूबलाइटचा चोक, कधी मिक्सरचे झिजलेले कार्बन, कधी मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमच्या स्टार्टरचे जळके कॉन्टॅक्ट. माझा सगळा धंदा खरखर काढण्याचा. आणि उद्या आम्ही जाणार होतो खोडदला, जिथं जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून आकाशातली खरखर ऐकतात. जुन्नर तालुक्यातल्या त्या खोऱ्यात त्या उभारल्या त्याचं एक मोठं कारणच हे, की तिथं माणसानं केलेला रेडिओ गोंगाट कमी आणि चहूबाजूंनी डोंगरांचा आडोसा. तिथं टर्रर्र करत जाणं मला पटेना.

दोष माझाच होता. मागच्या पावसाळ्यात प्लगची मूळ कॅप तडकली, तेव्हा हाताला लागेल ती स्वस्तातली बसवली होती. माझी गाडी पल्सर १५०. हिच्या एका सिलिंडरला दोन प्लग असतात, म्हणून ठिणग्याही दोन. कॅप काढून मल्टिमीटर लावला. चांगल्या कॅपमध्ये पाच किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. माझ्या एका कॅपवर मीटरनं ४.९ दाखवलं, दुसऱ्या कॅपवर सपशेल शून्य. म्हणजे आत नुसती पितळेची पट्टी.

हा रेझिस्टर कशाला, ते भाच्याला सांगितलं आणि इथंही सांगतो. ठिणगी पडते तेव्हा अगदी क्षणभर करंटचा झटका बसतो. इतक्या झटक्यात बदलणारा करंट तारेतून गेला की ती तार अँटेना होते आणि लहरी बाहेर फेकते. जगातले पहिले ट्रान्समीटर ठिणगीचेच होते. हर्ट्झनं १८८७ च्या सुमाराला लहरी दाखवल्या त्या ठिणगीतून, आणि जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली तीही ठिणगीच्याच लहरींवर. त्या हिशेबानं प्रत्येक मोटरसायकल म्हणजे चालता ट्रान्समीटर. रेझिस्टर तो झटका बोथट करतो. ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं, पण तार ओरडत नाही. प्लगमध्येही असा रेझिस्टर येतो, त्याच्या नंबरात आर अक्षर असतं.

दोन नव्या कॅपा आणि दोन आर-वाले प्लग आणले. घरी जायची घाई होती म्हणून उजवीकडची कॅप भाच्यानं बसवली, डावीकडची मी. पुन्हा रेडिओ सीटवर ठेवून बटण मारलं. कान अगदी लावला तर बारीकशी टिकटिक, दोन पावलांवर काहीच नाही. समाधान झालं.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ मध्ये याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून. त्या दिवशी खोडदला प्रदर्शन भरतं आणि सामान्य माणसाला आत जाऊन दुर्बीण बघता येते. एरवी आधी परवानगी काढावी लागते. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे साडेसहाशे किलोमीटर. बायकोनं डोक्याला हात लावला, पण रात्री बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

पहाटे अडीचला पुणे नाका सोडला. मोहोळ, टेंभुर्णीपर्यंत हायवे मोकळा होता, फक्त उसाच्या ट्रॉल्यांपासून जपायचं. त्यांना मागचा लाइट असेलच असं नाही. टेंभुर्णीला हायवे सोडून करमाळ्याची वाट धरली. कंदरच्या पट्ट्यात केळीच्या बागा आहेत. पाणी दिलेल्या बागेजवळून गेलं की एकदम गार हवेचा पट्टा अंगावरून जातो, पुढं पुन्हा कोरडं. अंधारात बागा दिसल्या नाहीत, अंगाला कळल्या. पुढं मिरजगावजवळ दिवस उजाडला. नगरला सातला पोचलो, चहा घेतला, भाकरी मोडली आणि कल्याण रस्त्याला लागलो.

टाकळी ढोकेश्वरच्या पुढं गाडी ओढेना. सपाटीला कळत नव्हतं, पण जरा चढ आला की जीव काढायची. आण्याचा घाट अजून पुढं होता. मी आधी क्लच म्हटलं, मग कार्बोरेटरमध्ये कचरा म्हटलं. बाजूला घेतली. दोन प्लगच्या इंजिनाची गंमत अशी, की एक प्लग मेला तरी गाडी बंद पडत नाही. दुसऱ्यावर चालत राहते, फक्त ताकद जाते. त्यामुळं दोष लपतो.

भाच्यानं काही न बोलता खिशातून ट्रान्झिस्टर काढला. काटा मोकळ्या जागी आणला आणि गाडी चालू असतानाच इंजिनाच्या डावीकडं धरला. सूं. उजवीकडं नेला. टर्रर्र, कालच्याहून मोठी.

"मामा, इथं हाय."

उजवीकडची कॅप प्लगवर पूर्ण बसलीच नव्हती. शेवटचा 'कट्' आवाज येईपर्यंत दाबायची असते, ती अर्ध्यावर राहिली होती आणि खड्ड्यांनी आणखी सैल झाली होती. आत तारेपासून प्लगच्या टोकापर्यंत हवेतूनच ठिणगी उडत होती. इंजिन बंद करून कॅप दाबली. कट्. पुन्हा बटण मारलं, रेडिओ गप्प आणि गाडी पहिल्यासारखी. मी पोराच्या पाठीवर थाप मारली. कॅप त्याचीच राहिली होती हे त्यालाही कळलं होतं, मलाही. ते बोलायची गरज नव्हती. खरखर हा नुसता त्रास नसतो, ती पत्ता सांगते. हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल, पण त्या सकाळी त्यानं ते स्वतःच्या हातानं केलं.

आणे, बेल्हे, आळेफाटा, मग डावीकडं वळून नारायणगाव. तमाशाच्या फडांचं आणि टोमॅटोच्या बाजाराचं गाव. तिथून खोडदच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, द्राक्षांचे मांडव, मधूनच कांदा. हा बिबट्याचा मुलूख, त्यामुळं उसाच्या कडेनं जाताना नजर आपोआप आत जाते. आणि मग एका वळणावर उसाच्या शेंड्यांवर ती पहिली तबकडी उगवली.

फोटो मी खूप पाहिले होते. फोटोत ती भरीव दिसते. प्रत्यक्षात तिच्यातून आभाळ दिसतं. एवढी प्रचंड वस्तू आणि तिच्या पोटातून ढग सरकताना दिसतायत. मी गाडीचा वेग इतका कमी केला की मागून येणाऱ्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

पार्किंग बाहेर लांब होतं. गाडी लगेच बंद केली. फाटकावर मोबाइल बंद करायला सांगत होते. खिशात निवांत पडलेला फोनसुद्धा टॉवरशी अधूनमधून बोलत असतो, आणि दुर्बिणीच्या दृष्टीनं ते कानाशी भोंगा वाजवण्यासारखं. आकाशातून येणारा संकेत केवढा बारीक असतो ते त्यांच्या मापावरून कळतं. त्या मापाला जान्स्की म्हणतात: एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झला, वॅटचा एकावर सव्वीस शून्यं इतकावा भाग.

हे नाव ज्याच्यावरून पडलं तो कार्ल जान्स्की माझ्या फार जवळचा वाटतो. टेलिफोन कंपनीत नोकरीला होता, समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनवर खरखर का येते ते शोधायचं काम त्याच्याकडं होतं. म्हणजे माझंच काम. त्यानं फिरती अँटेना बांधली, जवळच्या आणि लांबच्या विजांची खरखर वेगळी काढली. एक सूं आवाज मात्र कशालाच जुळेना. तो रोज चार मिनिटं लवकर यायचा. तारेही रोज चार मिनिटं लवकर उगवतात. १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं की हा आवाज आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येतोय. सगळं रेडिओ खगोलशास्त्र एका तक्रारीच्या दुरुस्तीतून निघालं, हे मला कुणी आयटीआयला असताना सांगितलं असतं तर मी आणखी मन लावून शिकलो असतो.

आत मांडवाखाली शाळा-कॉलेजांच्या पोरांचे प्रयोग मांडलेले होते आणि गर्दी होती. आम्ही ती भराभर ओलांडली, कारण मला एकच टेबल सापडलं होतं आणि मी तिथून हलायला तयार नव्हतो. तिथं तबकडीच्या जाळीचा तुकडा हातात घेऊन बघता येत होता.

स्टेनलेस स्टीलची तार, ०.५५ मिलिमीटर जाडीची. बोटांत धरली आणि ओळख पटली, ही तर चोवीस गेज. मोटर भरताना, ट्रान्सफॉर्मर गुंडाळताना हीच जाडी रोज हाताखालून जाते, फक्त ती तांब्याची असते. मध्यभागी जाळीची घरं १० मिलिमीटरची, कडेकडेला १५ आणि २० मिलिमीटरची. घरातली पीठ चाळायची चाळण याहून दाट. भाचा म्हणाला, "एवढ्या भोकांतून लहरी पडत नाहीत काय?"

टेबलामागं एक तरुण संशोधक मुलगी होती. तिनं विचारलं, "सगळ्यात आखूड लहर किती लांब?" भाच्यानं मनात भागाकार केला. दुर्बीण साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, म्हणजे लहर वीस सेंटिमीटरच्या वर. "मग वीस सेंटिमीटरच्या लहरीला एक-दोन सेंटिमीटरचं भोक दिसतच नाही. तिच्या लेखी ही सलग भिंत आहे. वाऱ्याला मात्र ती भोकं दिसतात."

खरी करामत तीच. भरीव पत्र्याची ४५ मीटरची तबकडी वाऱ्यात शिडासारखी फुगली असती, तिला पेलायला लोखंड किती लागलं असतं आणि पैसा किती. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी तारदोरांचा सांगाडा ताणून त्यावर ही हलकी जाळी बांधली. गोविंद स्वरूप हे नाव आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या लहान तबकड्यांची त्यांनी १९६० च्या दशकात कल्याणला दुर्बीण उभी केली. १९७० पर्यंत उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. उतार असा निवडला की दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर येईल. आणि मग १९९० च्या दशकात खोडद. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ते गेले.

जाळी एवढी हलकी असूनही वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवतात आणि तबकड्या तोंड वर करून उभ्या करतात. आम्ही आणे पठारावर वाऱ्याला तोंड देत आलो होतो, त्यामुळं हा आकडा मला अंगानं कळला.

मग एका तबकडीच्या पायथ्याशी गेलो. एका तबकडीचं तोंड जवळपास सोळा गुंठे भरतं. सोळा गुंठ्यांचं रान उचलून, वाकवून, एका खांबावर ठेवलंय आणि ते कुठल्याही दिशेला वळतं! अशा तीस मिळून बारा एकराच्या आसपास. चौदा तबकड्या मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या हातांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. दोन टोकांमधलं अंतर पंचवीस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडं एक तबकडी सोलापुरात आणि दुसरी तुळजापूरच्या वाटेवर अर्ध्याच्या पुढं.

आम्ही उभे असताना ती हलली. आधी मला वाटलं ढग सरकतायत. मग लक्षात आलं, ढग तिथंच आहेत. सपाटीत फिरताना मिनिटाला तीस अंश, वर-खाली होताना वीस अंश, याहून जास्त वेग नाही. धक्का नाही, कुरकुर नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा मानकरी कसा पाऊल टाकतो? एवढी उंच काठी, पण खालचा माणूस घाई करत नाही, तोल आधी, पाऊल नंतर. तिथं मला तेच दिसलं. तबकडीच्या मागं तोल सांभाळायला वजन आहे, पण बघताना वजन आठवत नाही.

तबकडी लहरी गोळा करून वर चार पायांवर बसवलेल्या फीडकडं पाठवते. फीड म्हणजे खरी अँटेना. ती वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी वेगवेगळी असते आणि फिरवून समोर आणता येते. तिथंच पहिला ॲम्प्लिफायर. हे मला समजायला वेळ लागला नाही. टीव्हीची छत्री गच्चीवर आणि बूस्टर खाली टीव्हीजवळ लावला तर चित्रापेक्षा मुंग्याच मोठ्या होतात. बूस्टर वर, छत्रीपाशीच हवा. नव्वदच्या दशकात मी असे कितीतरी बूस्टर लावले. त्यातला एखादा खराब जुळला की स्वतःच शिट्टी घालायला लागायचा आणि छत्रीतून उलट बाहेर फेकायचा. सगळ्या गल्लीचे टीव्ही बिघडायचे आणि दोष सापडता सापडायचा नाही. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिनं लगेच मान डोलावली. दुर्बिणीच्या आसपासच्या गोंगाटाचा शोध घेणं हे तिथल्या माणसांचं कायमचं काम आहे: विजेच्या तारांवरचा सैल सांधा, फुटका इन्सुलेटर, मोबाइल टॉवर. गाडीत रिसीव्हर घेऊन शेतातून फिरायचं आणि खरखरीचा माग काढायचा. टाकळी ढोकेश्वरला भाच्यानं जे केलं, तेच ते, फक्त मोठ्या रानात. मी तिला कॅपची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. तिनं वहीत मागच्या पानावर काहीतरी लिहून घेतलं.

तिसांतल्या प्रत्येक तबकडीचा संकेत ऑप्टिकल फायबरवरून मधल्या इमारतीत येतो. तिथं प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडून गुणाकार करतात. तिसांच्या जोड्या किती? ४३५. भाच्यानं हे मोबाइलशिवाय काढलं, बंदच होता तो. या गुणाकारातून चित्र तयार होतं, आणि त्याचा बारकावा पंचवीस किलोमीटरच्या एका तबकडीइतका असतो. मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण संकेत १९ ऑक्टोबर २०१६ ला याच तबकड्यांनी थेट ऐकला होता. यान उतरताना कोसळलं, पण ते गप्प होईपर्यंतचा आवाज खोडदच्या शिवारात पोचला होता.

आणि मग तिनं आम्हाला पल्सर ऐकवले. पल्सर म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला, एखाद्या शहराएवढा, पण सूर्याहून जड गोळा. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपस्तंभाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो, म्हणून ठरलेल्या वेळानं ठोका ऐकू येतो. जोसलिन बेल यांनी १९६७ मध्ये पहिला पकडला, त्याचा ठोका १.३३७ सेकंदाचा होता. इतका नेमका, की ही कुठली तरी माणसानं केलेली खरखर असावी अशी त्यांना आधी शंका आली.

वेला पल्सर सेकंदाला अकरा ठोके देतो. तो स्पीकरवर लागला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हा आवाज आम्ही पहाटे अडीचपासून ऐकत होतो. चौदाशे आरपीएमच्या आसपास आयडलला उभी असलेली गाडी! दोन फेऱ्यांतून एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला साधारण अकरा-बारा ठोके. मग क्रॅब लागला, वृषभ राशीतला, सेकंदाला तिसाच्या जरा आत. तो ठोक्यांसारखा ऐकूच येत नाही, जाड घुमणाऱ्या सुरासारखा येतो.

"तीस गुणिले दोन गुणिले साठ," भाचा पुटपुटला. "मामा, छत्तीसशे आरपीएम."

"जरा कमी," ती म्हणाली. "साडेतीन हजार आणि वर पन्नास धरा."

क्रॅब म्हणजे इसवी सन १०५४ मध्ये चिनी लोकांनी नोंदवलेला फुटलेला तारा. साडेसहा हजार प्रकाशवर्षं लांब. आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांनी तळं खणवलं त्याच्या आधी शंभरएक वर्षं तो उजेड इथं पोचला होता आणि भरदिवसा दिसत होता.

साडेतीनला निघालो. आळेफाट्याला मासवडी खाल्ली, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी. नगर सोडलं तेव्हा अंधार पडला होता. पाठ आणि मनगटं बोलायला लागली होती, म्हणून मिरजगाव ओलांडल्यावर, आजूबाजूला एकही दिवा नाही अशी जागा बघून गाडी थांबवली.

डोक्यावर मृग होता. त्याच्या पश्चिमेला रोहिणी, तिच्या पलीकडं कृत्तिकांचा घोस. रोहिणीपासून निघालेल्या बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी क्रॅब आहे, डोळ्यांना दिसत नाही. दक्षिणेला खाली अगस्त्य, आणि त्याच्या डावीकडं, तितक्याच उंचीवर, वेला. भाच्याला दोन्हीकडं बोट दाखवलं.

त्यानं ट्रान्झिस्टर काढून टाकीवर ठेवला, काटा केंद्रांच्या मधल्या जागी आणला आणि गाडी सुरू केली. आयडलला. आम्ही दक्षिणेकडं बघत उभे राहिलो. मग त्यानं हळूहळू मूठ पिळली. मीटरचा काटा तीन हजारावर आला, साडेतीनवर आला, रेघभर आणखी पुढं सरकला आणि तिथं त्यानं तो धरून ठेवला. इंजिन एका सुरात घुमत होतं. त्याची मान वर होती, शिंगाच्या टोकाकडं. मी वाकून टाकीवरच्या रेडिओला कान लावला. त्यात टर्रर्र नव्हती, नुसता सूं आवाज होता.